मशीनवरची एक बाई

जुलैचा दुसरा शनिवार, सकाळी सव्वाअकरा. स्थळ: शाळेची चित्रकलेची खोली. उपस्थित: मुख्याध्यापिका, मी, अकरा मोठी माणसं आणि दहावीची चौदा मुलं-मुली. अनुपस्थित: तीन मोठी माणसं. पैकी एकाने कळवलं, दोघांनी नाही. पंखे दोन, चालू एक. चौदापैकी दोन मुलांनी नंतर कबूल केलं की ती समोशांसाठी आली होती. समोसे नव्हते, बिस्किटं होती, तरी ती पुढच्या शनिवारीही आली. हे मी यशात धरलं.

मी शिक्षिका नाही. वालीवला बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कारखाना गुजरातला हलला, मी हलले नाही. मुख्याध्यापिका आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. सोसायटीत येणाऱ्या पाण्याच्या टँकरची नोंदवही माझ्याकडे असते. कोणता टँकर किती वाजता आला, किती भरलेला होता, चालक काय म्हणाला. ती वही चाळून त्यांनी मला विचारलं, "शाळेसाठी एक काम कराल का?" शिक्षणशास्त्राचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

काम असं होतं. परिसरातल्या एका मोठ्या माणसाने दहावीतल्या एका मुलाला किंवा मुलीला दर शनिवारी एक तास द्यायचा. शिकवायचं नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. फक्त ऐकायचं. मोठ्या माणसाला म्हणायचं 'सोबती'. पहिल्या दिवशी मी हे समजावून सांगत असताना माझ्या लक्षात आलं की अकरापैकी सात सोबती आपापसात बोलत होते.

फळ्यावर मी चार नियम लिहिले. वेळेवर यावे. मोबाइल पिशवीत ठेवावा. तीनदा न कळवता गैरहजर राहिल्यास नाव कमी होईल. आणि चौथा: या खोलीत बोललेले या खोलीतच राहील, कुणाच्या जिवाला धोका वाटला, तरच मुख्याध्यापिकांना सांगावे.

जोड्या लावायचं काम माझं. त्यासाठी मी एक तक्ता केला: गाव, मोकळा वेळ, आवड. स्टोअरमध्ये बोल्टशेजारी त्याच मापाचा नट ठेवतात, शोधावं लागत नाही. बहुतेक जोड्यांत एक रकाना जुळला. आवड जुळली तर गाव नाही, गाव जुळलं तर वेळ नाही. पण एका जोडीत तिन्ही रकाने जुळले. मुलगी पापडीची, सोबती पापडीच्या. मुलीची आवड नर्सिंग, सोबती सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या मेट्रन. दोघींना शनिवार मोकळा. मी त्या ओळीपुढे दोनदा बरोबरची खूण केली. असं मी एरवी करत नाही.

त्या मुलीच्या भरून आलेल्या फॉर्मवर 'आवड' या रकान्यातलं अक्षर निळ्या शाईतलं, तिरपं, सराईत होतं. खाली मुलीची सही काळ्या शाईत, सरळ. मी दोन्ही पाहिलं आणि पुढच्या फॉर्मकडे वळले. बिनसहीचा माल मी एकवीस वर्षांत कधी आत घेतला नव्हता. सही होती, तेवढं मला पुरलं.

मुलगी उंच, किडकिडीत, बोलायला कमी. ती बंद पंख्याच्या बरोबर खाली बसायची आणि अधूनमधून वर बघायची. मला वाटलं, उकडतं म्हणून. मेट्रनना गावात सगळे मेट्रनच म्हणतात, त्यांच्या सुनाही. त्या पहिल्या शनिवारी रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आल्या आणि तासाभरात खोलीतल्या सगळ्यांचा रक्तदाब मोजून झाला. माझा थोडा जास्त निघाला. "याद्या कमी कर," त्या म्हणाल्या. मी त्यांना 'विचारल्याशिवाय सल्ला नाही' याची आठवण करून दिली.

तिसऱ्या आठवड्यात दुसरा पंखा फिरायला लागला. मी शिपायांना विचारलं, ते म्हणाले, "झाला." मी वहीत 'पंखा: शिपायांनी दुरुस्त केला' अशी नोंद केली आणि पुढच्या कामाला लागले.

चौथा शनिवार नीट पार पडला, असं माझी वही सांगते. सोमवारी शाळेत मुलीच्या आईची चिठ्ठी आली. तीच निळी शाई, तेच तिरपं अक्षर. 'माझ्या मुलीला या कार्यक्रमाची गरज नाही. कळावे.' दुपारी मधल्या सुट्टीत मुलगी स्वतः आली. प्रत्येक मुलाला मी एक वही दिली होती. तिने ती टेबलावर ठेवली.

"टीचर, तुमची वही."

"मी टीचर नाही."

"माहितीये. वही घ्या."

"झालं काय पण?"

तिने फळ्याकडे बघितलं. फळ्यावर कुणीतरी जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद काढला होता.

"चौथा नियम तुम्हीच लिहिलेला ना?"

"हो."

"खडूने लिहिलेला," ती म्हणाली आणि गेली.

काय झालं ते मला मेट्रनकडून कळलं. विचारल्याबरोबर त्यांनी सगळं सांगितलं. चौथ्या शनिवारी मुलगी त्यांना म्हणाली होती की तिला नर्सिंगला जायचं नाही. दहावीनंतर आयटीआयला जायचं, टर्नरचा ट्रेड घ्यायचा, लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, काम करायचं. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मेट्रननी ते शांतपणे ऐकून घेतलं, एकही सल्ला दिला नाही. आणि दुसऱ्या दिवशी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात तिच्या आईला सांगितलं.

"मेट्रन, चौथा नियम होता ना?"

"अगं, तो बाहेरच्यांसाठी. आई काय बाहेरची?"

"खोलीच्या बाहेरची आहे."

"तू तुझ्या इमारतीतलं सांगतेस. मिस्सा सुटली, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. विचारते, पोर काय बोलते तुझ्याशी? काय सांगू, हवापाण्याचं? तिच्या तिन्ही बाळंतपणांना मी होते. तिच्या पोरीचं मनातलं मला माहीत आणि तिला नाही, असं उद्या तिला दुसरीकडून कळलं, तर ती माझ्या मयतालाही यायची नाही. आणि बरोबर करेल."

मी विचार केला. मी विरारला फ्लॅटमध्ये राहते. शेजारच्या मुलीने मला काही सांगितलं आणि मी ते पोटात ठेवलं, तर मला लोक समजूतदार म्हणतील. मेट्रनच्या गावात त्यालाच दगा म्हणतात. गावाचा रकाना जुळवताना मी फक्त रिक्षाचं अंतर बघितलं होतं. मुलीला जे एका माणसापासून लपवायचं होतं, त्या माणसाशी सर्वांत इमानी असलेली बाई मी तिच्यासमोर खुर्चीवर आणून बसवली होती. दोन खुणा करून.

"मी राजीनामा देते," मेट्रन म्हणाल्या.

"फॉर्म नाही त्याचा," मी म्हटलं. "स्कूटर आहे ना तुमची? पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी तिच्या घरी जाऊ."

दरम्यानच्या शनिवारी मुलगी आली नाही. गैरहजेरी एक. बाकीचे तेरा व्यवस्थित होते. एक निवृत्त विक्रीकर अधिकारी आपल्या जोडीतल्या मुलाला स्वतःच्या बदल्यांचा इतिहास सांगत होते, ते रत्नागिरीपर्यंत पोहोचले होते. त्या मुलाने अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं, 'काका चांगले आहेत. मी ऐकतो.' मूळ योजनेच्या हे बरोबर उलट होतं, पण दोघेही खूश होते, म्हणून मी हात लावला नाही.

शुक्रवारी मी मेट्रनच्या मागे बसून पापडीला गेले. मुलीचं घर वाडीतच आहे. पुढे केळी, मागे विहीर. आई ओटीवर बसून अळूच्या जुड्या बांधत होती. मेट्रन आणि ती आपल्या बोलीत बोलायला लागल्या. ती बोली मला निम्मी कळते. कळलेल्या निम्म्यात माझ्याविषयी काही नव्हतं. मग आई माझ्याकडे वळून पुस्तकी मराठीत म्हणाली, "बसा. चहा घ्याल?"

मी माफी मागितली. ती मी आधी लिहून नेली होती, तीन वाक्यांची. दुसऱ्या वाक्यालाच तिने थांबवलं.

"तुमची काय चूक? तुमच्यामुळे तर मला कळलं."

तिसरं वाक्य लिहिलेला कागद मी घडी करून पिशवीत ठेवला.

"आत्या आहे तिची परदेशात, नर्स," आई सांगू लागली. "तिने सगळं बघून ठेवलंय. कॉलेज, हॉस्टेल, सगळं. नाताळला येणार, तेव्हा पक्कं होणार. आणि ही म्हणते, लेथ. लेथ म्हणजे काय ते मला मेट्रनने समजावलं. या बघा, दाखवते तुम्हाला."

तिने आम्हाला विहिरीपाशी नेलं. पंप चालू होता.

"मे महिन्यात हा बंद पडला. मी म्हटलं, मेकॅनिकला बोलवू. ही म्हणाली, थांब. सगळा सोडवून अंगणात मांडला. तीन दिवस वाडीला पाणी नाही. मोगरा माझा सुकला."

"पण चालू झाला," मागून आवाज आला. मुलगी दारात उभी होती.

"झाला. आणि एक नट उरला. तो कुठला, ते अजून सांगितलं नाहीस."

"तो जास्तीचा होता. कंपनीचीच चूक."

"हो, कंपनी चुकली. माझी पोर नाही चुकली."

"तसा तिचा हात चांगला आहे हो," मेट्रन मध्येच म्हणाल्या. "शाळेतला पंखा नाही का केला तिने! मी खाली स्टूल धरून उभी होते. मेन स्विच शिपायांनी बंद केला होता, घाबरू नकोस."

आईने मेट्रनकडे बघितलं. मीही बघितलं. हे मात्र त्यांनी चर्चच्या आवारात सांगितलं नव्हतं. माझ्या वहीतली शिपायांची नोंद चुकीची होती, हे मी मनात टिपून ठेवलं.

आई परत ओटीवर येऊन बसली आणि जुड्या बांधता बांधता मला म्हणाली, "टीचर, तुम्ही वालीवला किती वर्षं होता?"

"एकवीस."

"पलीकडच्या घरातला माझा दीर वालीवलाच पत्रा कापायच्या प्रेसवर होता. त्याची दोन बोटं नाहीत. पोरं त्याला दिवसभर विचारतात, काका आठ आणि दोन किती? तो हसतो. मला हसायला येत नाही. मला एक सांगा. एकवीस वर्षांत तुमच्या कारखान्यात मशीनवर बायका किती होत्या?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्यासाठी दुसरं काहीतरी सांगावं, असं क्षणभर मनात आलं. पण आकडा मला पाठ होता.

"पॅकिंगला अकरा. ऑफिसात दोन. स्टोअरला मी."

"मशीनवर?"

"एकही नाही."

"मग?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पोर हुशार आहे, ते मला कळतं. पण जिथे एकही बाई नाही, तिथे माझीच पहिली कशाला? एक बाई दाखवा मला. लेथवर काम करणारी. घर सांभाळून जाणारी, दहा बोटांची. मी तिच्याशी बोलेन. मला जे विचारायचं ते तिला विचारेन. पटलं तर आत्याला मी सांगेन. नाही पटलं, तर मुलगी नर्सिंगला जाईल आणि हा विषय बंद."

"नाताळपर्यंत?" मुलीने विचारलं.

"आत्या येईपर्यंत."

"आणि शनिवारी शाळेत?"

"जा. पण सोबती मेट्रनच पाहिजे. मला निदान कळेल तरी."

मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं की तिला सोबती बदलून हवी का, नवा तक्ता मी करीन. "नको. मेट्रनच बरी. आईला कळवायचं असेल ते तिला सांगेन. नसेल ते नाही सांगणार." एवढी साफ वाटणी मलाही सुचली नव्हती. निघताना आईने केळ्यांची एक फणी दिली. परतीच्या स्कूटरवर ती मी मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्याच दिवशी मी यादी केली. वालीवच्या एक्केचाळीस गाळ्यांत माझी ओळख आहे: कुठे स्टोअरवाले, कुठे सुपरवायझर, कुठे मालक. ओळीने फोन सुरू केले. बहुतेक संभाषणं एकाच वाटेने गेली.

"बायका? आहेत ना. पॅकिंगला."

"मशीनवर आहे का एखादी?"

"मशीनवर कशाला?"

एका मालकांनी उत्साहाने हो म्हटलं आणि मोबाइलवर फोटो पाठवला. त्यांची मुलगी लेथशेजारी उभी होती, लेथला झेंडूची माळ होती. दसऱ्याची पूजा. दुसऱ्या एकाने सांगितलं, होती एक, कामाला फार चांगली, लग्न झालं आणि सोडून गेली. कुठे ते माहीत नाही. तिसऱ्याने मलाच नोकरी देऊ केली, स्टोअरला.

दर शनिवारी मुलगी आत येताना दारात थांबायची.

"मिळाली?"

"नाही."

"किती झाले?"

"तेवीस." मग "एकतीस". मग, दिवाळीच्या सुट्टीनंतर, "एक्केचाळीस. संपले."

तिने यादी मागितली. उभ्या उभ्या वाचली, बोट खाली सरकवत, अगदी मी वाचते तशी.

"टीचर, या सगळ्या तुमच्या ओळखीच्या जागा आहेत."

"हो. म्हणून तर फोनवर बोलले सगळे."

"एकवीस वर्षं तुम्ही यांच्याकडे जाता-येताय. तिथे मशीनवर बाई असती, तर तुम्हाला आधीच माहीत असतं ना?"

मी यादी परत घेतली. ती बरोबर होती. जिथे नाही हे मला ठाऊक होतं, तिथेच मी तीन महिने शोधत होते. नीट, क्रमवार.

मेट्रन शेजारी बसून हे ऐकत होत्या. "मी विचारू का आवारात?" त्या म्हणाल्या. आणि मग, बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी मुलीकडे बघून विचारलं, "चालेल तुला? सगळ्यांना कळेल."

"आता राहिलंय कोण?" मुलगी म्हणाली. "विचारा."

मेट्रननी रविवारी मिस्सा सुटल्यावर विचारलं. पापडीच्या ज्यांना अजून माहीत नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी कळलं. एका काकांनी मुलीला रस्त्यात थांबवून आपली शिलाई मशीन दुरुस्तीला दिली. दुसऱ्या रविवारी मेट्रन माझ्या घरी आल्या, चार जिने चढून, आणि हातातला कागद टेबलावर ठेवला. निर्मळला कुणाच्या तरी घरी भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातली सून. वालीवच्या पुढे एका नव्या शेडमध्ये कामाला. लेथवर. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, पण लेथवर. खाली फोन नंबर.

माझ्या एक्केचाळीस फोनांना तीन महिने लागले होते. मेट्रनना दोन रविवार लागले. मी त्यांना चहा दिला आणि हा हिशेब मोठ्याने केला नाही.

सोमवारी मी फोन केला. पलीकडे मोठा आवाज होता, मग दार बंद झाल्याचा, मग ती.

"हो, चालवते. काय काम आहे?"

मी सांगितलं. एक मुलगी, तिची आई, आईचे प्रश्न, एक दुपार.

"फक्त बोलायला यायचं?"

"फक्त बोलायला. मी घ्यायला येईन, सोडायलाही येईन."

"शनिवारी ड्यूटी असते, मॅडम. सुट्टी शुक्रवारी."

"मग शुक्रवारी."

"शुक्रवारी मी झोपते."

वालीवला आठवड्याची सुट्टी शुक्रवारीच असते. मीही एकवीस वर्षं शुक्रवारी झोपले आहे.

"बोटं सगळी आहेत का, असं विचारणार त्या," मी प्रामाणिकपणे सांगून ठेवलं.

ती हसली. "आहेत. दहाच्या दहा. बघते मी. घरी विचारून सांगते."

त्याला आता बारा दिवस झाले. मधल्या काळात मी दोनदा फोन केला, संध्याकाळी. घंटा वाजत राहिली. आत्या नाताळच्या आदल्या आठवड्यात उतरणार आहे, म्हणजे हातात शुक्रवार दोन. आईने गेल्या रविवारी मेट्रनना विचारलं, "मिळाली का?" आणि मेट्रननी सांगितलं, मिळाली, पण अजून हो म्हणाली नाही.

आज शनिवार. उपस्थिती: सोबती बारा, मुलं-मुली चौदा, पंखे दोन्ही. पंख्याची जुलैतली नोंद मी लाल शाईने खोडून त्यावर मुलीचं नाव लिहिलं. मुलगी दारात थांबली, तेव्हा तिने विचारायच्या आधीच मी "नाही" म्हटलं.

"फोन कधी केलात?"

"संध्याकाळी. सातला."

"सातला ती भाकऱ्या करत असणार. जेवणाच्या सुट्टीत करा, टीचर. पहिल्या वेळी कधी उचलला होता?"

मी वही बघितली. एक वाजून दहा मिनिटं.

आता पावणेएक झालाय. मुलं गेली, खोली झाडून झाली, वह्या कपाटात गेल्या. ती मात्र गेलेली नाही, बाहेर पायरीवर बसली आहे. आजच्या यादीत एवढं एकच काम उरलंय: एक वाजून दहा मिनिटांनी फोन करणे.